प्रगतिपुस्तकातला एक शेरा

तीन वर्षांपूर्वी, पहिल्या सत्राच्या अखेरीस, आठवीतल्या एका मुलाच्या प्रगतिपुस्तकात मी शेरा लिहिला होता : 'अभ्यासात लक्ष नाही. शाळेविषयी आस्था नाही.' ठाणे-बेलापूर रस्त्याच्या पट्ट्यातल्या शाळांमध्ये मी एकवीस वर्षे शिकवते आहे, आणि असा शेरा मी किती मुलांना दिला असेल याची मोजदाद नाही, कारण तो लिहिताना माझा हात कधी अडलाच नाही. या वेळी मात्र तो मुलगा पुस्तक हातात घेऊन तिथेच उभा राहिला. शेरा वाचून त्याने विचारले, "बाई, आस्था म्हणजे काय?" मी म्हटले, "काळजी. तुला शाळेची काळजी नाही." तो क्षणभर थांबला आणि उद्धटपणाचा लवलेशही नसलेल्या आवाजात म्हणाला, "शाळेला माझी आहे का?"

त्या दिवशी मी त्याला जागेवर बसायला सांगितले. दुसरे काही सुचले नाही.

त्याच दिवाळीत माझी भाची ऐरोलीला आली होती. ती अमेरिकेत, टेक्सासमधल्या ह्यूस्टन परिसरात एका सरकारी शाळेत समुपदेशक आहे आणि तिच्या शाळेतली बहुतेक मुले मेक्सिको, होंडुरास, एल साल्वादोर, ग्वाटेमाला या देशांशी नाते असलेल्या घरांतली आहेत. या समाजाला तिकडे आता 'लॅटिने' असेही म्हणतात. स्पॅनिश भाषेत नामांना लिंग असते, मुलगा लॅटिनो आणि मुलगी लॅटिना. कोणालाही न वगळणारा शब्द हवा म्हणून 'लॅटिने' हे रूप काहींनी स्वीकारले, जरी पुष्कळ कुटुंबे स्वतःला अजूनही आपापल्या देशाच्या नावानेच ओळखतात. २०२०च्या जनगणनेत या समाजाची संख्या ६ कोटी २१ लाख होती, आणि अमेरिकेच्या सरकारी शाळांतल्या दर चार मुलांमागे एकाहून अधिक मूल याच समाजातले आहे. मी भाचीला त्या मुलाचा प्रश्न सांगितला. ती म्हणाली, "मावशी, हाच प्रश्न आमच्या शहरात पंचवीसेक वर्षांपूर्वी एका संशोधिकेने लिहून ठेवला आहे."

ती संशोधिका म्हणजे अँजेला वालेन्झुएला. त्यांनी ह्यूस्टनमधल्या एका माध्यमिक शाळेत तीन वर्षे बसून, मुलांशी आणि शिक्षकांशी बोलून केलेला अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला. त्या शाळेतली जवळजवळ सगळी मुले मेक्सिकन वंशाची होती. शिक्षकांची तक्रार अशी होती की या मुलांना शाळेची पर्वा नाही, आणि मुलांची तक्रार अशी होती की शिक्षकांना आमची पर्वा नाही. दोघेही आपापल्या जागी खरे बोलत होते. पण शिक्षक ज्याला आस्था म्हणत होते ती गृहपाठाविषयीची, गुणांविषयीची, शिस्तीविषयीची आस्था होती आणि मुलांनी ती आधी दाखवावी, मग आम्ही त्यांच्याकडे पाहू, अशी त्यांची अपेक्षा होती. मुलांना मात्र आधी कोणीतरी आपल्याला ओळखावे, मग आपण अभ्यासाला लागू, असे वाटत होते. पहिले पाऊल कोणी टाकायचे, यावर सगळे अडून बसले होते. वालेन्झुएला यांचे दुसरे निरीक्षण तर मला फारच लागले. मेक्सिकोतून नुकतीच आलेली मुले शाळेविषयी अधिक आशेने बोलत आणि अभ्यासातही पुढे असत. अमेरिकेतच जन्मलेल्या, त्याच शाळाव्यवस्थेत वाढलेल्या मुलांची ती उमेद मावळलेली असे. म्हणजे शाळा मुलात काही भर घालण्याऐवजी त्याची भाषा आणि त्याचे घर यांची वजाबाकी करत होती.

भाचीने आणखी एक गोष्ट सांगितली, ती शब्दाची. स्पॅनिशमधला 'एदुकासियोन' हा शब्द इंग्रजीतल्या शिक्षणासारखा दिसतो, पण त्याचा अर्थ मोठा आहे. मोठ्यांचा मान राखणे, जबाबदारी ओळखणे, माणसांशी नीट वागणे हे सगळे त्यात येते; निरक्षर माणूसही 'बिएन एदुकादो' असू शकतो. आपल्याकडे याला संस्कार म्हणतात, आणि हे ऐकल्यावर आमची शिक्षकांची खोली माझ्या डोळ्यांसमोर आली. 'घरी संस्कारच नाहीत' हे वाक्य तिथे आठवड्यातून दोनदा तरी उच्चारले जाते, आणि ते नेहमी वस्तीतल्या मुलांबद्दल असते. पहाटे पाच वाजता नाक्यावर जाणाऱ्या आईबापांच्या मागे धाकट्या भावंडांना उठवून, भात शिजवून, त्यांना बोटाला धरून शाळेत आणणाऱ्या मुलीबद्दल हे वाक्य मी स्वतः ऐकले आहे आणि ऐकून गप्प बसले आहे.

आपल्या 'काळजी' या शब्दाचीही गंमत नाही, गांभीर्य आहे. काळजी करणे वेगळे आणि काळजी घेणे वेगळे. पट टिकेल का, हजेरी भरेल का, निकाल लागेल का याची काळजी शाळा रात्रंदिवस करते. मुलाची काळजी घेण्यासाठी मात्र ते मूल कोण आहे हे माहीत असावे लागते, आणि मला ते माहीत नव्हते.

दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी मी त्या मुलाच्या घरी गेले. पुसदकडच्या एका तांड्यावरून आलेले हे बंजारा कुटुंब. वडील वाळू-खडीच्या गाड्यांवर भरणीचे काम करतात आणि आई, ज्यांना तो याडी म्हणतो, बांधकामावर बिगारी आहेत. चहा झाला, इकडचे तिकडचे बोलणे झाले आणि मी विचारले की हा आठवड्यातून एक-दोन दिवस शाळेत का नसतो. वडील संकोचून म्हणाले, "मापाला याला नेतो, बाई. मला हिशेब जमत नाही." भरणीची मजुरी ब्रासवर मिळते. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. गाडीचा हौदा आतून १० फूट लांब, ५ फूट रुंद आणि फाळक्यापर्यंत २ फूट उंच असेल तर एक ब्रास भरतो, हे त्या मुलाने मला बोटे न मोडता सांगितले. हौदा तिरका असेल तर दोन्ही टोकांची उंची घेऊन मधली धरायची, हेही सांगितले. मग त्याने मला माहीत नसलेली गोष्ट सांगितली. ओलसर रेती फुगते, म्हणून तिचे माप जास्त दिसते, आणि तीच रेती वाळली की कमी भरते. त्यामुळे गिऱ्हाईक भांडते आणि शेवटी ते भांडण भरणाऱ्याच्या मजुरीवर येते. आदल्याच महिन्यात घनफळावरच्या चाचणीत या मुलाला मी दहापैकी दोन गुण दिले होते.

अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात तूसान नावाचे शहर आहे. तिथे लुईस मोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शाळेतल्या शिक्षकांनाच मेक्सिकन कामगारांच्या घरी पाठवले, तपासणी करायला नव्हे, शिकायला. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखात या घरांमध्ये साठलेल्या ज्ञानाची मांडणी आहे : शेती, जनावरे, खाणकाम, बांधकाम, औषधी वनस्पती, दुरुस्ती, व्यापार. एका शिक्षिकेला कळले की तिच्या वर्गातला एक मुलगा मेक्सिकोहून आणलेली मिठाई गल्लीत विकतो. तिने त्या मिठाईवरच वर्गात पाठ उभारला, आणि एका मुलाच्या आईने वर्गात येऊन भोपळ्याच्या बियांची, आपल्या चिक्कीसारखी मिठाई करून दाखवली. साखरेचा पाक, घटक पदार्थांची तुलना, किंमत, विक्री असे गणित आणि विज्ञान त्यातून निघाले. त्या दिवशी त्या वर्गात शिकवणारी व्यक्ती एक कामगार आई होती, आणि हे तिच्या मुलाने पाहिले. मला यातले सगळ्यांत मोलाचे वाटते ते हे शेवटचे.

पुढच्या आठवड्यात मी घनफळाचा पाठ पुन्हा घेतला आणि तो ब्रासपासून सुरू केला. तो मुलगा फळ्याशी उभा राहून बोलला. वडील दुपारी पाऊण तास आले, मोजपट्टी घेऊन. त्यानंतर सगळे सुरळीत झाले असे मी लिहिणार नाही; बीजगणित त्याला वर्षअखेरपर्यंत जड गेले आणि मराठी लेखनात तो मागेच राहिला. पण मापाच्या दिवशी तो सकाळी शाळेत येऊ लागला आणि मधल्या सुट्टीनंतर, मला सांगून, जाऊ लागला. सांगून जाणे आणि न सांगता जाणे यांत केवढे अंतर आहे, हे शिक्षकांना माहीत आहे.

मराठी लेखनात तो मागे का राहिला याचेही उत्तर त्या घरातच होते. घरात सगळे गोरमाटी, म्हणजे बंजाऱ्यांची भाषा, बोलत होते. शाळेच्या रजिस्टरमध्ये त्याची मातृभाषा 'मराठी' अशी नोंदलेली होती. प्रवेशाच्या वेळी कोणी विचारले नसणार. महाराष्ट्रातले आहेत म्हणजे मराठी, उत्तरेकडचे म्हणजे हिंदी, अशा दोन रकान्यांत आम्ही मुलांना बसवून टाकतो. भाचीने असेच उदाहरण सांगितले. ग्वाटेमालातून आलेल्या मुलांसाठी शाळा आपुलकीने स्पॅनिश दुभाषी बोलावते आणि मूल तरीही गप्पच राहते, कारण त्याच्या घरची भाषा स्पॅनिश नसून माम किंवा किचे यांसारखी एखादी माया भाषा असते. शिक्षण हक्क कायद्याच्या एकोणतिसाव्या कलमात म्हटले आहे की शक्य तिथवर शिक्षणाचे माध्यम मुलाची मातृभाषा असावे आणि मुलाला भीती, धास्ती यांपासून मुक्त ठेवावे. गोरमाटीतून आठवी शिकवणे उद्या शक्य नाही हे मलाही कळते. तो जे वाक्य चुकवतो ते त्याच्या भाषेच्या घडणीमुळे चुकते की आळसामुळे, एवढे ओळखणे मात्र आजही शक्य आहे.

हे लिहिताना मला माझी स्वतःची चौथी आठवते. आम्ही आगरी. ठाणे, पनवेल आणि उरण या तालुक्यांतल्या पंचाण्णव गावांच्या जमिनींवर नवी मुंबई उभी राहिली, त्यांतल्या एका गावातले. मेक्सिकन वंशाच्या अमेरिकनांमध्ये एक म्हणणे प्रचलित आहे की आम्ही सीमा ओलांडली नाही, सीमाच आमच्यावरून गेली. १८४८च्या तहाने मेक्सिकोचा मोठा भूभाग अमेरिकेकडे गेला आणि तिथे आधीपासून राहणारी माणसे एका रात्रीत दुसऱ्या देशाची झाली. भाचीने हे सांगितले तेव्हा माझी आई शेजारीच बसली होती आणि ती म्हणाली की आपणही शहरात गेलो नाही, शहरच आपल्याकडे आले. मी वर्गात 'पाणी'ला 'पानी' आणि 'शाळा'ला 'शाला' म्हणत असे. एकदा वाचताना 'घोडा'चा 'घोरा' झाला आणि सगळा वर्ग हसला, बाईही हसल्या. त्या वर्षी मी पुन्हा वाचायला उभी राहिले नाही. माझे बाबा तेव्हा खाडीवर जात आणि भरतीची वेळ तोंडी काढत : त्या दिवसाची जी तिथी असेल तिची पाऊणपट करायची. चतुर्थीला तीन वाजता भरती, अष्टमीला सहा वाजता. बाबांना पाऊणकी पाठ होती ती पाटीवरून नव्हे, या हिशेबामुळे. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येतो आणि भरतीही त्याच्या मागोमाग सरकते, हे मला पुढे भूगोलात शिकवले गेले. तेव्हा मी ते पहिल्यांदाच ऐकल्यासारखे लिहून घेतले. बाबांचा हिशेब आणि पुस्तकातला चंद्र एकच आहेत, हे जोडून द्यायला वर्गात कोणी नव्हते. हे सगळे सोसलेली मी, तीस वर्षांनी दुसऱ्याच्या मुलाला 'आस्था नाही' असे लिहिते, ही गोष्ट मला आजही झोपू देत नाही.

आपुलकी हवीच, पण ती एकट्या शिक्षकाच्या मनावर सोडली तर समानता येत नाही, हेही अमेरिकेतल्या लॅटिने समाजाच्या इतिहासातून दिसते. १९४०च्या दशकात कॅलिफोर्नियाच्या ऑरेंज परगण्यात मेक्सिकन मुलांच्या शाळा वेगळ्या होत्या. सिल्विया मेंडेझ ही मुलगी आपल्या आत्याबरोबर आणि आतेभावंडांबरोबर नाव घालायला गेली. फ्रेंच वळणाचे आडनाव आणि उजळ वर्ण असलेल्या आतेभावंडांना प्रवेश मिळाला, तिला आणि तिच्या भावांना नाही. मुलांना इंग्रजी येत नाही, हे कारण पुढे केले जात असे. पालकांनी दावा लावला. १९४६ साली न्यायालयाने निकाल दिला की मुलांना वेगळे बसवल्याने त्यांचे इंग्रजी सुधारत नाही, उलट अडते. १९४७ साली तो अपिलातही टिकला. कृष्णवर्णीय मुलांना वेगळ्या शाळांत बसवण्याविरुद्धचा प्रसिद्ध निकाल लागला १९५४ साली, म्हणजे त्यानंतर सात वर्षांनी. टेक्सासने १९७५ साली कायदा केला की वैध कागदपत्रे नसलेल्या मुलांच्या शिक्षणासाठी राज्य पैसा देणार नाही. टायलर गावातल्या शाळांनी अशा मुलांकडून वर्षाला १,००० डॉलर मागितले. १९८२ साली सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा मतांनी तो कायदा रद्द केला. आईबाप देशात कसे आले याची शिक्षा मुलाला देता येणार नाही, असा त्या निकालाचा आशय आहे.

आपल्याकडे कागदाचा प्रश्न देशाच्या सीमेचा नसतो, तरी कागद तोच असतो. दाखला नाही म्हणून, वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, असे २००९चा शिक्षण हक्क कायदा सांगतो. तरीही जूनमध्ये कुटुंब पेरणीला गावी गेलेले असते, दिवाळीनंतर परतते, आणि तेव्हा मुलाला दारातच विचारले जाते की इतके दिवस कुठे होतास. त्या आवाजातच अर्धी मुले परत जातात. कायदा मुलाला आत आणतो, पण पहिल्या दिवशी त्याच्याशी कसे बोलायचे ते कायद्यात लिहिता येत नाही. आणि कायदाच नसेल तर गोड बोलणाऱ्या शिक्षिकेचाही उपयोग नाही, कारण मूल तिच्यापर्यंत पोचतच नाही.

एका गोष्टीची मला जास्त भीती वाटते, ती म्हणजे दयेची. 'जाऊ दे बिचाऱ्याला' असे म्हणून मी एका मुलीला, तिची आई आजारी होती म्हणून, दोन वर्षे वाचायला उभे केले नाही. ती आठवी पूर्ण करून बाहेर पडली तेव्हा तिला बसवरची पाटी अडखळत वाचता येत होती. मला वाटत होते मी तिच्यावर माया करते आहे. माया तिला वाचायला शिकवण्यात होती, आणि ते काम कष्टाचे होते म्हणून मी सोपी माया निवडली. ह्यूस्टनमध्येही भाचीला हेच दिसते : इंग्रजी शिकणाऱ्या मुलांना वर्षानुवर्षे चित्रे रंगवण्यासारखी कामे दिली जातात, प्रेमाने, हसतमुखाने, आणि विज्ञानाचे दार त्यांना बंदच राहते. १९६८ साली पूर्व लॉस एंजेलिसच्या हजारो मेक्सिकन वंशाच्या विद्यार्थ्यांनी वर्ग सोडून रस्त्यावर येऊन ज्या मागण्या केल्या त्यांत द्विभाषिक शिक्षण होते, आपला इतिहास होता, आणि महाविद्यालयाकडे नेणारे कसदार अभ्यासक्रमही होते. मुलांनी कामे सोपी करा असे म्हटले नव्हते.

तूसानच्या शाळांत पुढे मेक्सिकन-अमेरिकन इतिहास आणि साहित्याचे वर्ग सुरू झाले. ते घेणाऱ्या मुलांची परीक्षेत आणि शाळा पूर्ण करण्यात प्रगती झाल्याचे विद्यापीठातल्या संशोधकांना आढळले. तरीही २०१० साली राज्याने त्यांच्याविरुद्ध कायदा केला आणि २०१२च्या जानेवारीत ते वर्ग बंद पडले. २०१७ साली संघीय न्यायाधीशांनी ठरवले की त्या बंदीमागे वांशिक आकस होता. सात वर्षांत मुलांची एक संपूर्ण पिढी त्या शाळांतून बाहेर पडून गेली.

आपल्याला या विचारासाठी अमेरिकेपर्यंत जावे लागावे याचे वाईट वाटते, कारण तो ठाणे जिल्ह्यातच जन्मलेला आहे. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केले आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेव्हा तो भाग ठाणे जिल्ह्यात होता, आता पालघरमध्ये आहे. वारली मुले गुरे राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत हे पाहून त्यांनी आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघांनी शाळाच कुरणात नेली, आणि तिला कुरणशाळा म्हटले. खडे, पाने, बिया, शिंपले ही त्यांची शिक्षणसाधने होती. आणि ठाण्यात तीन हात नाक्याच्या पुलाखाली २०१६ सालापासून सिग्नल शाळा चालते, जिथे सिग्नलवर फुले विकणाऱ्या मुलांपर्यंत शाळा चालत गेली. तिथे आधी मुलांच्या आंघोळीची आणि खाण्याची सोय होते, मग पाटी येते. हा क्रम मला फार योग्य वाटतो.

आमची शाळा आठवीपर्यंतच आहे. मोफत शिक्षणाचा कायदाही तिथेच थांबतो, आणि मुले गळतात ती बहुतेक याच वळणावर. त्या मुलाचा नववीचा प्रवेश होईपर्यंत मी त्याच्या वडिलांबरोबर दोन शाळांत जाऊन आले. त्याआधी शाळा सोडल्याचा दाखला तयार करायचा होता. मातृभाषेची नोंद दुरुस्त करण्यासाठी अर्ज लिहिला, त्यावर याडींची सही घेतली, मुख्याध्यापकांना सगळे समजावून सांगितले आणि त्यांनी ती मंजूर केली. दाखला घ्यायला दोघे मायलेक आले. त्याने तो वरपासून वाचायला सुरुवात केली, मातृभाषेच्या रकान्याशी थांबला, 'गोरमाटी' या शब्दावर बोट ठेवले आणि याडींकडे वळून बराच वेळ काहीतरी बोलला. त्या हसल्या आणि त्यांनीही तिथे बोट लावून पाहिले. तो काय म्हणाला ते मला समजले नाही. गोरमाटीतले तीन-चारच शब्द मला अजून येतात.